ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र: व्याख्यान नको, सभागृहाची किल्ली द्या

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद,
ज्येष्ठ नागरिक संघ, सातारा शहर व जिल्हा

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्यापैकी एका संघाच्या कार्यवाहांचा परवा फोन आला. ‘मॅडम, यंदाही गुडघेदुखीवर तासाभराचं व्याख्यान ठेवू या, मंडळींची मागणी आहे.’ मी फिजिओथेरपिस्ट असूनही तारीख दिली नाही. का दिली नाही ते फोनवर धड सांगता आलं नाही, आणि विषय त्या एकट्या संघाचा नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्या व्याख्यानांचा क्रम तुम्हाला पाठ आहे. प्रार्थना, त्या महिन्यातल्या वाढदिवसांचे सत्कार, मग माझं बोलणं, मग प्रश्न. पहिला प्रश्न ठरलेला: ‘जिना चढावा की नाही?’ दुसरा: ‘अमुक तेलानं फरक पडतो का हो?’ नंतर शाल, श्रीफळ, चहा-बिस्किटं. मी दाखवलेले व्यायाम बहुतेक जण त्या रात्री एकदा करून बघत असतील. पुढच्या वर्षी समोर तीच मंडळी, तेच गुडघे, थोडे अधिक आखडलेले. ऐकून गुडघे सुधारत असते तर आपल्या जिल्ह्यात एव्हाना एकही गुडघा दुखरा उरला नसता.

म्हणून मागणी अशी आहे: व्याख्यान रद्द करा आणि विरंगुळा केंद्र सकाळच्या वेळी, जेव्हा तिथे कॅरम आणि वर्तमानपत्रंसुद्धा आलेली नसतात, आठवड्यातून दोनदा तासभर द्या. सोबत दहा-पंधरा खुर्च्या. बाकी काही नको.

आता हे एवढं हट्टानं का मागते आहे ते सांगते.

माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या माणसांचं पहिलं वाक्य ‘गुडघे झिजलेत’ असं असतं आणि दुसरं ‘आता जपून वापरतोय.’ डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून ‘गादी घासली आहे’ म्हटलेलं असतं. तेव्हापासून माणूस आपल्या गुडघ्याकडे चपलेच्या तळव्यासारखा बघायला लागतो. जितकं चालू तितकं घासणार, तेव्हा चालायचंच कमी. जिना बंद, देवळाच्या पायऱ्या बंद, भाजी आणायला नातवाला पिटाळायचं. घरचेही कौतुकानं सांगतात, ‘आम्ही आईला हलूच देत नाही.’ इतक्या प्रेमानं केलेलं इतकं नुकसान मी दुसऱ्या कुठल्या आजारात पाहिलेलं नाही.

सांध्याचं काम चपलेहून अगदी वेगळं चालतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, म्हणजे ज्याला आपण वंगण म्हणतो त्यातून. ते आपोआप आत मुरून भागत नाही. पाऊल टेकलं, भार आला की कूर्चा दबते आणि तिच्यातला द्रव बाहेर पडतो. पाऊल उचललं, भार सुटला की द्रव पुन्हा आत ओढला जातो. ही ये-जा चालू राहिली तर कूर्चेतल्या पेशी जगतात, आणि भोवतालचा जाळीदार पदार्थ दुरुस्त करत राहतात. भार हा त्या पेशींना मिळणारा कामाचा निरोपच असतो. तो निरोप बंद झाला की काय होतं, हे मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या तरुण रुग्णांमध्ये दिसलं. त्यांच्या गुडघ्यांवर ना वय झालेलं, ना वजन पडत होतं. तरी एमआरआयमध्ये वर्षभरात कूर्चा पातळ होत गेलेली आढळली. न वापरल्यानं!

उलट बाजूचा पुरावाही आहे. स्वीडनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ जण घेतले होते. गुडघ्यातल्या मेनिस्कसचा (ही कूर्चेहून वेगळी, दोन हाडांमधली गादी) काही भाग शस्त्रक्रियेनं काढलेली ही माणसं, पुढे सांधा खराब होण्याचा धोका मोठा असलेली. त्यांतल्या निम्म्यांनी चार महिने, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली व्यायाम केला. कूर्चेला भार पेलण्याची ताकद देणारा जो घटक असतो, त्याचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांमध्ये सुधारल्याचं एमआरआयच्या खास तपासणीत दिसलं. अभ्यास छोटा होता. व्यायामानं ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण सांधे झिजणं म्हणतो तो आजार, टळतोच असं त्यावरून म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. पण कूर्चा ही मेलेली वस्तू नाही, माफक भाराला ती दाद देते, इतकं त्यातून नक्की कळतं.

कूर्चेपेक्षा मला जास्त बोलायचं आहे ते मांडीबद्दल. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, हा गुडघ्याचा खरा राखणदार. पायरी उतरताना शरीराचं वजन हळूहळू खाली सोडतो तो हाच. तो अशक्त असेल तर धक्का सरळ सांध्याला बसतो. हा स्नायू ज्यांचा कमजोर असतो त्यांना पुढे गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याचा धोका जास्त, असं अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे दुखण्यामुळे स्नायू बारीक होतोच, पण स्नायू आधी बारीक असणं हेही दुखण्याचं एक कारण. दुखतं म्हणून बसायचं, बसल्यानं मांडी उतरायची, मांडी उतरली की आणखी दुखायचं. यातून बाहेर काढणारी गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही.

तुमच्यातलेच काही जण आता म्हणतील, ‘अहो, आम्ही रोज अजिंक्यताऱ्यावर जातो की!’ जरूर जा. पण तिथे भेटणारी मंडळी मुळात धडधाकट असतात. ज्यांचे गुडघे दुखतात ते घरी असतात, आणि हे पत्र त्यांच्यासाठी जास्त आहे. शिवाय सपाटीवरच्या चालण्यानं हृदय, साखर, झोप सगळ्याला फायदा होतो, मांडीची ताकद मात्र त्यानं फारशी वाढत नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम वेगळे सांगितले. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस आणखी. आपण पहिली ओळ वाचतो आणि बूट घालून निघतो.

महिला सभासदांचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘जन्मभर राबलो, आता आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न मला कोरेगाव-खटावकडच्या बायका विचारतात तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी, डोक्यावर ओझं, ओट्यापाशी एकाच जागी उभं राहणं, यानं गुडघ्याचं भलं होत नाही. बीजिंगमधल्या साठीपुढच्या लोकांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त आढळला. कष्टात भार असतो, पण त्याला मोजमाप नसतं आणि विश्रांती नसते. एकच स्थिती तासभर, आणि दुखलं तरी थांबायची सोय नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, थोडा-थोडा वाढवतो, मध्ये दिवस सोडतो. शेतात राबलेल्या बाईची मांडी तपासली तर कित्येकदा ती अशक्त निघते. चिवटपणा सगळा मनाचा असतो, स्नायूंवर उपासमार झालेली असते. तिला ‘तुमचं काम हाच व्यायाम’ असं म्हणणं ही फसवणूक आहे.

वारीचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यातून लोणंद, फलटणमार्गे ज्ञानोबांची पालखी जाते, आणि आषाढीनंतर माझ्याकडे सुजलेल्या गुडघ्यांची रांग लागते. चालण्यानं गुडघे बिघडले असा निष्कर्ष घरचे काढतात. अकरा महिने ओसरीवर बसून बाराव्या महिन्यात एकदम अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं ठरवलं, तर विठ्ठलानंही किती सांभाळायचं? जे वारकरी फाल्गुनापासून रोज थोडं-थोडं अंतर वाढवतात, ते परत येऊन पेढे देऊन जातात.

धावण्याबद्दलही दोन वाक्यं, कारण सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे तुमची मुलंबाळं आता यवतेश्वरच्या घाटात धावतात आणि तुम्ही त्यांना ‘गुडघे जातील’ म्हणून ओरडता. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस आढळला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत तो १०.२ टक्के होता. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३. हौशी धावपटू मुळातच सडपातळ आणि निरोगी असणार, तो फरक यात आलाच. तरी धावून गुडघे संपतात, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. काळजी करायचीच तर कबड्डी खेळणाऱ्या नातवाची करा. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट किंवा मेनिस्कस फाटला, तर दहा ते वीस वर्षांत निम्म्या जणांच्या सांध्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस दिसू लागतो. खेळापूर्वीचा नीट वॉर्म-अप आणि उडी मारून योग्य तऱ्हेनं उतरण्याचा सराव यांनी अशा दुखापती कमी होतात. त्याच्या प्रशिक्षकांना हे विचारा.

आता थोडं कडू. तुमच्या आवारात वर्षातून एकदा तरी मोफत गुडघे तपासणी शिबिर होतं. मी कुणाचं नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही, कारण सगळी शिबिरं सारखीच असतात: मोठा फ्लेक्स, टाचेच्या हाडाची घनता मोजणारं यंत्र, निम्म्या किमतीत एक्स-रे, कॅल्शियमच्या गोळ्यांची नमुना पाकिटं. सभासद कागद घेऊन येतो, त्यावर ‘ग्रेड तीन’ असं काहीतरी लिहिलेलं, आणि त्या दिवसापासून जिना सोडतो. एक्स-रेवर सांधा जेवढा बिघडलेला दिसतो तेवढाच तो दुखेल असं नसतं. वाईट एक्स-रे घेऊन पायी हिंडणारे आहेत आणि जवळपास स्वच्छ एक्स-रे घेऊन कण्हणारे आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका तर सांगते की वय ४५ च्या पुढे असेल, हालचाल करताना दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर निदानासाठी एक्स-रेची एरवी गरज नाही. त्याच मार्गदर्शिकेत व्यायाम प्रत्येक रुग्णाला द्यायला सांगितला आहे आणि ग्लुकोसामाइन देऊ नका असं म्हटलं आहे. तुमच्या शिबिरात नेमकं उलटं होतं. व्यायाम सोडून सगळं मिळतं.

इंजेक्शनचं म्हणाल, तर २०२० साली अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षानंतर वेदना आणि अडचण दोन्ही फिजिओथेरपीच्या गटात कमी होत्या. सांधेबदल शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. ज्यांना रात्री झोप नाही, घरातल्या घरात चालवत नाही, त्यांच्यासाठी ती वरदान आहे. पण डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासाकडे बघा. सांधेबदलासाठी पात्र ठरलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना आधी व्यायाम, आहार, शिक्षण, गरजेपुरती औषधं यांवर ठेवलं. शस्त्रक्रियेच्या गटाला वेदनेत जास्त आराम मिळाला, हे खरं. गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात जास्त झाल्या. आणि शस्त्रक्रियेविना राहिलेल्या ५० पैकी वर्षभरात फक्त १३ जणांना ती करून घ्यावी लागली.

याच डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो. माझी सगळी मागणी त्यावर बेतलेली आहे. दोन बैठका समजावून सांगण्याच्या, आणि मग आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे गटानं व्यायाम, प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली. यंत्रं जवळपास नाहीतच. तो आता कॅनडा, ऑस्ट्रेलियासह कितीतरी देशांत गेला आहे. आपल्याकडे सभागृह आहे, खुर्च्या आहेत, एकमेकांना नावानं हाक मारणारी माणसं आहेत. डेन्मार्कवाल्यांना ही मंडळी गोळा करायला खटपट करावी लागते, तुमच्याकडे हजेरीपट तयार आहे!

एक गोष्ट लपवत नाही. २०२४ च्या अखेरीस कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा नवा आढावा आला, १३९ चाचण्यांचा. त्याचा निष्कर्ष असा की गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये व्यायामानं वेदना कमी होतात, पण सरासरी फायदा छोटा आहे. माझ्या व्यवसायातल्या काहींना हे रुचलं नाही. मला त्यात धक्कादायक काही वाटत नाही. सहा-आठ आठवडे व्यायाम करून सोडून देणाऱ्यांची सरासरी काढली तर ती छोटीच येणार, असं मला वाटतं. दुसरं म्हणजे, वेदनाशामक गोळ्यांचा परिणामही काही डोंगराएवढा नसतो, आणि त्या गोळ्या रक्तदाब असलेल्या सत्तरीतल्या माणसाच्या मूत्रपिंडाला व जठराला काय करतात ते तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. व्यायामाचा दुष्परिणाम असा की पडण्याचं प्रमाण कमी होतं आणि साखर आटोक्यात येते.

वजनाचा उल्लेख करून पुढे जाते, कारण त्यावर बोललं की मंडळी नाराज होतात. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो, असं मोजून झालेलं आहे. तेव्हा वाढदिवसाचा केक लहान आणा.

सकाळच्या तासात काय करायचं ते सांगते. खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठणं आणि हळू बसणं, हा मुख्य व्यायाम. मग एका पायरीवर चढ-उतार, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, उभं राहून पाय बाजूला नेणं, एका पायावर तोल. श्वास रोखायचा नाही. सुरुवातीला चाचणी घेऊ: हात छातीवर आडवे, तीस सेकंदांत किती वेळा उठता? ६५ ते ६९ वयात पुरुषांचे १२ आणि बायकांचे ११ यांच्या खाली गेलं तर ताकद सरासरीहून कमी समजतात.

माझ्याकडच्या एका काकूंना पहिल्या दिवशी खुर्चीतून उठताच येईना. दोन्ही तळहात मांड्यांवर दाबून, ‘आई गं’ म्हणत त्या अर्ध्यातूनच परत बसायच्या. खुर्चीवर एक जाड उशी ठेवली, बैठक उंच झाली, तशा उठल्या. पाय थोडे मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि मग उठा, एवढं एकच सांगायचं होतं. गुडघा कटकट वाजत होता, त्याची त्यांना भीती होती. वाजू दे, दुखत नसेल तर आवाजाला किंमत नाही, म्हटलं. पुढे जाड उशी जाऊन पातळ आली, मग तीही काढली. आता त्या घरी फोनवर बोलताना उठ-बस करतात आणि पलीकडच्या व्यक्तीला वाटतं यांना दम लागलाय.

दुखलं तर? थोडं दुखेल. शून्य ते दहाच्या पट्टीवर पाचपर्यंत चालतं, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी व्यायाम थोडा कमी. गुडघा गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा मध्येच अडकला किंवा पडल्यानंतर दुखू लागला, तर व्यायाम बाजूला आणि डॉक्टर आधी. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून यायचं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. खजिनदार म्हणतील, मानधन कुठून? माझं राहू द्या. जिल्ह्यात माझ्यासारखे आणखी आहेत, आणि गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांना हे पाच व्यायाम शिकवायला एक दुपार पुरे. महिला सभासद म्हणतील, सकाळी डबे असतात. मग त्यांच्यासाठी दुपारी चारची वेळ ठेवा, आणि ती भजनाच्या आधी ठेवा, म्हणजे दोनदा यावं लागणार नाही. कुणी म्हणेल, थंडी संपू द्या, मग सुरू करू. मग उन्हाळा येईल, मग नातवंडांच्या सुट्ट्या.

येत्या कार्यकारिणीच्या सभेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून न घेता कार्यक्रमपत्रिकेवर क्रमांक देऊन घ्यावा, ही विनंती. सभागृहाची किल्ली कुणाकडे असते आणि सकाळी सातला दार कोण उघडेल, एवढं त्या सभेत ठरवून मला कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
साताऱ्यातील एक फिजिओथेरपिस्ट

ता. क. – खुर्च्या शक्यतो लोखंडी, बिनहाताच्या. प्लास्टिकच्याच असतील तर पाठ भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवर त्या सरकतात. आणि व्याख्यानासाठी शाल-श्रीफळाची तरतूद आधीच मंजूर झाली असेल, तर त्या पैशांतून लाकडी पायऱ्या बनवून घ्या. उंची चार इंच आणि सहा इंच, वर खरखरीत रबर ठोकलेलं.